बेण्याचे वाल आणि पांढरी चकती

पनवेल–रोहा मार्गावर जिते नावाचं एक लहान स्टेशन आहे. जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी मी तिथे उतरले. माझ्याबरोबर कपड्यांची पिशवी होती आणि छातीशी धरलेली एक काळी पेटी. पेटीत आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं यंत्र होतं. ते हरवलं किंवा पडलं तर काय होईल, हे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त माझ्याकडून सही घेतली होती.

मी सांगोल्याच्या बाजूची. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला पुण्यात शिकते. माझे आईवडील शाळेत गेलेले नाहीत. फोनवर आईला सांगितलं की मी पेण-रोह्याकडे पानांचा रंग मोजायला चालले आहे. ती म्हणाली, "पानं हितं नव्हती व्हय?"

पानं इथेही होती, पण मला वालाची हवी होती. पेण-रोह्याकडे भात निघाला की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल पेरतात. पाणी द्यावं लागत नाही. माझी रूममेट प्राची जित्याची आहे. तिने एकदा सांगितलं की तिची बेबीकाकू दरवर्षी वालाचं बेणं रोह्याकडच्या आपल्या थोरल्या बहिणीकडून आणते. म्हणजे बेणं एकच, पण एक शेत खाडीजवळच्या खारट अंगाच्या जमिनीत आणि दुसरं डोंगराच्या पायथ्याशी. दोन्हीकडच्या पानांत हरितद्रव्य किती, हे मोजून तुलना करायची, असा माझा प्रबंध ठरला. मॅडमना तो आवडला. माझी एखादी गोष्ट त्यांना आवडण्याची ती पहिलीच वेळ होती.

जिते, शुक्रवार

बेबीकाकू स्टेशनवर आली होती. पन्नाशीची, बारीक, चालायला भरभर. तिच्या नखांच्या कडांना पांढरा रंग होता. ती हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात कामाला जाते. माझ्यासाठी तिने त्या दिवशी खाडा केला होता.

"तूच काय गो ती पानंवाली?" तिने विचारलं. आमच्याकडे 'गं' म्हणतात. 'गो' ऐकून मला उगाच थोडं ओरडल्यासारखं वाटलं, पण दुपारपर्यंत सवय झाली.

शेतावर तिने मला यंत्र काय करतं ते विचारलं. मी मनात बरेच दिवस तयार केलेलं उत्तर दिलं. पान उन्हातला लाल आणि निळा प्रकाश खातं, हिरवा थोडा परत पाठवतं, म्हणून ते आपल्याला हिरवं दिसतं. पानात हरितद्रव्य भरपूर असेल तर लाल प्रकाश जवळजवळ परत येतच नाही. कमी असेल तर येतो. हे यंत्र पानावर प्रकाश टाकतं, किती परत आला ते मोजतं, आणि त्यावरून हरितद्रव्याचा आकडा दाखवतं. पूर्वी यासाठी पान तोडून, कुटून, रसायनात भिजवावं लागे. आता पान वेलावरच राहतं.

"म्हंजे उष्टं किती टाकलं त्याच्यावरून जेवला किती ते वळखायचं," काकू म्हणाली.

मी हो म्हटलं. माझं उत्तर बरंच लांब होतं असं तेव्हा लक्षात आलं.

यंत्राला एक चिमटा आहे. पान मोजण्याआधी त्यात पानाऐवजी एक पांढरी चकती धरायची आणि बटण दाबायचं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, खडूसारखी दिसणारी चकती. तिच्यावर पडलेला प्रकाश जवळजवळ सगळा परत येतो, म्हणून यंत्र तिला पूर्ण शंभर मानतं आणि पुढचं प्रत्येक पान तिच्याशी ताडून बघतं. चकती चुकली तर सगळंच चुकलं. मॅडमनी दिलेल्या सूचनांच्या कागदावर हे अधोरेखित केलेलं होतं. त्याखाली लिहिलं होतं: रोज काम संपल्यावर चकती कोरड्या मऊ कापडाने हलकेच टिपून डबीत ठेवावी.

संध्याकाळपर्यंत मी चाळीस वेल मोजले. आकडे चांगले आले, बहुतेक चाळिशीच्या पुढे. खाडीजवळच्या जमिनीत इतके येतील असं मला वाटलं नव्हतं. मोजलेल्या प्रत्येक वेलाला मी पांढरा दोरा बांधला. प्राचीची धाकटी बहीण बांधावर बसून म्हणाली, "वालांचं लगीन लावलंस का काय?"

ऊन उतरल्यावर पोपटी झाली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. भांबुर्डा नावाची एक रानटी वनस्पती हिवाळ्यात बांधांवर उगवते. मडक्याच्या तळाला तिचा पाला घालतात, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी. मडक्याचं तोंड पुन्हा भांबुर्ड्याने गच्च बंद करतात, मडकं उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र करून लगेच उडालं की झालं. आमच्याकडे याच दिवसांत हुरडा असतो. कणीस आगटीत भाजायचं, हातावर चोळायचं, आणि तोंडात टाकायचं, म्हणजे सगळं उघड्यावर. पोपटीत काय चाललंय ते मडकं उघडेपर्यंत कळत नाही.

मडक्याचं तोंड बंद करायचं काम मी मागून घेतलं. भांबुर्डा चुरगळून कोंबावा लागतो. हात हिरवे झाले, ओव्यासारखा काहीतरी उग्र वास चढला. तेवढ्यात काकूने हाक मारली, "धर गो जरा मडका!" मी जवळच्या पिशवीतून हाताला लागलं त्या कापडाने हात पुसले आणि धावले.

शेंगा फार चांगल्या लागल्या. अजूनही तो वास आठवतो. जेवण झाल्यावर, घरात दिव्याखाली बसून, मी सूचनांप्रमाणे चकती काढली आणि पिशवीतल्या मऊ कापडाने हलकेच टिपून डबीत ठेवली. थकले होते, तरी विसरले नाही. याचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला होता.

रोह्याच्या अलीकडे, शनिवार

काकूची बहीण हिरामावशी रोह्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर डोंगराखालच्या एका वाडीत राहते. तिचा मुलगा नितेश धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. रात्रपाळी करून आला होता, तरी झोपायचं सोडून तो माझ्याबरोबर शेतावर आला. डोळे लाल, पण यंत्राबद्दल प्रश्न चांगले विचारत होता.

मावशी जेवल्याशिवाय शेतावर नेईना. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आमची ज्वारीची भाकरी हातावर थापली की आवाज होतो. ही मुकाट्याने मोठी होते. बिरड्यासाठी वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलावा लागतो. रात्रीच्या भाजीसाठी सोलायला मीही बसले. माझा पहिला दाणा सालातून निसटला आणि थेट नितेशच्या चहाच्या कपात पडला.

"यांच्यात शिकल्याली मान्सं अशीच सोलतात," मावशी लेकाला म्हणाली.

मावशीची दोन खाचरं आहेत. खालचं खायला आणि विकायला. वरचं लहान खाचर बेण्याचं. त्यातल्या शेंगा हिरव्या तोडायच्या नाहीत. वेलावर वाळू द्यायच्या, मग झोडून, राखेत घोळून मडक्यात ठेवायच्या. हे बेणं मावशीच्या सासूने राखलेलं. सासूच्या आधी कोणी, ते मावशीला माहीत नाही. बाजारचं बेणं दिसायला मोठं, पण ओल कमी पडली की मान टाकतं असं ती म्हणाली. वाडीतली चार घरं आणि जित्याची बेबीकाकू, अशी पाच जणं दरसाल तिच्याकडून पायलीभर नेतात. त्याचे पैसे नसतात. बेण्याच्या खाचराच्या कोपऱ्यात तिने काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली होती. ती दिसली की तिथे कोणी शेंगेला हात लावत नाही. शेजारची पोरंसुद्धा.

बेण्याच्या खाचरात मी चिमट्यात चकती धरून बटण दाबलं आणि पहिलं पान मोजलं. आकडा तिशीत आला. दुसरा तिशीत. पाचवा, दहावा, सगळे तिशीतच. काल जित्याला एकही इतका खाली नव्हता.

मावशी बांधावर उकिडवी बसली होती. "काय म्हनतंय?"

मी म्हटलं, "जरा कमी वाटतंय."

"बेबीच्यापेक्षा?"

"हो. बरंच."

इथे मी थांबायला हवं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. माझ्या आईच्या वयाची बाई मी काय म्हणते याची वाट बघत होती, आणि असं माझ्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं. मी पुढे सांगितलं की हरितद्रव्य कमी म्हणजे पान अन्न कमी तयार करतं, वेल अशक्त असू शकतो. रोगाची सुरुवातही असू शकते. हे सगळं पुस्तकातलं होतं आणि चूक नव्हतं.

"मनापन वाटत हुतं," मावशी हळू म्हणाली. "औंदा खालची पानं लवकर पिवळी पडली. मी म्हटलं धुक्यानं असंल."

नितेश म्हणाला, "आये, मशीन बोलतंय तर मंग काय."

मावशीने एक पिवळं पान खुडलं. मग सासूचा नियम तिने मला सांगितला. आजारी वेलाचं बेणं ठेवायचं नाही. एक वर्ष बेणं नसलेलं चालेल, पण रोगाचं बेणं पाच घरांत गेलं तर पाच घरांतून बाहेर निघत नाही.

"मग मावशी, या शेंगांचं काय?" मी विचारलं.

"अजून हिरव्या हायेत तवर तोडायच्या. सोमवारी बाजारात पोपटीला जातील. उद्या दोन बाया घेते आन तोडून टाकते."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढल्या साली बाजारचं."

ती उठली आणि काठीची लाल चिंधी सोडून कमरेला खोचली. मला वाईट वाटलं, पण खोटं सांगणार नाही, माझा उपयोग झाला असंही वाटलं. जित्याला परत येताना मी वहीत लिहिलं: रोहा — स्पष्ट घट. खाली दोन रेघा ओढल्या.

हमरापूर, रविवार

रविवारी मला काही काम नव्हतं. गाडी संध्याकाळची होती. काकू म्हणाली, कारखाना बघायला चल. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. भाद्रपद अजून लांब होता, तरी आत शेकडो गणपती बसलेले. काही साच्यातून नुकतेच निघालेले, मळकट. काही पांढरे झालेले. रंग झालेला एकही नव्हता. इतके डोळे नसलेले गणपती मी एकत्र कधी पाहिले नव्हते. आमच्या गावात गणपती येतो तो रंगून, दागिन्यांसकट येतो. त्याआधी तो कसा असतो हा प्रश्न मला पडला नव्हता.

काकूचं काम मूर्ती पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून पांढऱ्याचा पहिला हात द्यायचं. डोळे करणारे वेगळे असतात, त्यांना मान जास्त. शेडचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणत, चहा पीत म्हणाले, "डोळं सगळी बघतात. पन बेबीचा पांढरा खराब आसंल ना, तर वर कुटलाबी रंग लावा, मेल्यासारकाच दिसतो."

काकूने सगळ्यांना माझं यंत्र दाखवायला सांगितलं. मी पेटी उघडली. दादांनी चिमटा पाहिला. काकूने डबी उघडून चकती दोन बोटांनी कडेला धरली आणि उजेडाकडे नेली.

"ही कसली?"

"पांढरी चकती. हिच्याशी ताडून सगळी पानं मोजायची."

"ही पांढरी नाय."

मी हसले. "काकू, ही सगळ्यात पांढरी असते. हिच्यापेक्षा पांढरं काही नसतं."

"आसंल. आता नाय." तिने चकती नुकत्या पांढऱ्या केलेल्या मूर्तीच्या सोंडेला टेकवली. "बघ. हिरवट हाय. मधी."

मला आधी दिसलं नाही. मग दिसलं, आणि एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्य नव्हतं. चकतीच्या मधोमध फिकट, ताकात पाला बुडवून काढल्यासारखी, हिरवी झाक होती. मी पिशवीतून मऊ कापड काढून पसरलं. एका कोपऱ्यावर बोटांचे हिरवे ठसे होते. कापडाला भांबुर्ड्याचा वास येत होता.

काय झालं होतं ते समजायला मला एक मिनिट लागलं. शुक्रवारी मोजून झाल्यावर मी पोपटीचे हात त्या कापडाला पुसले होते, आणि रात्री त्याच कापडाने चकती पुसली होती. शनिवारी ती हिरवट चकती मी यंत्राला शंभर म्हणून दाखवली. हिरवा पाला लाल प्रकाश खातो. चकतीवरचा पालाही तो खात होता. त्यामुळे यंत्राचा शंभरच खाली आला, आणि त्याच्याशी ताडल्यावर मावशीची निरोगी पानं जास्त लाल प्रकाश परत पाठवताना दिसली. म्हणजे हरितद्रव्य कमी. आजारी काही असेल तर ती चकती होती.

"काय गो, पांढरी पडलीस," काकू म्हणाली.

मी तिला सांगितलं. मावशी आज शेंगा तोडते आहे हेही सांगितलं. काकूने लगेच फोन काढला.

आम्ही नितेशला फोन लावला. तो लागला नाही. रात्रपाळीनंतर रविवारी त्याची पहिली शिफ्ट लागली होती आणि कंपनीत फोन गेटवर जमा करतात. मावशीकडे फोन नाही. मग मी मॅडमना फोन केला. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्याजवळ पाण्याचा बारीक पॉलिशपेपर मिळेल का? वाहत्या पाण्याखाली, गोल गोल, अगदी हलक्या हाताने घासायची. वरचा थर गेला की खाली पांढरंच असतं."

मी शेडभर नजर फिरवली. पॉलिशपेपरशिवाय तिथे दुसरं फारसं काही नव्हतं.

पॉलिशपेपर काकूच्या रोजच्या हातातला, म्हणून चकती तिनेच घासली. नळाखाली, अंगठ्याने, बाळाची टाळू चोळावी तशी. त्याआधी मी दारातल्या जास्वंदीचं एक पान मळक्या चकतीवर मोजून ठेवलं होतं. चकती वाळल्यावर तेच पान पुन्हा मोजलं. आकडा दहाने वर गेला. पान तेच, झाड तेच, ऊनही तेच.

दादा म्हणाले, "आता पळ."

पुन्हा मावशीकडे

पेणहून एसटी मिळाली. मी पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. खाचर लांबूनच दिसलं. मावशी आणि दोन बाया सकाळपासून तोडत होत्या. कडेला चार भरलेल्या गोण्या होत्या. वरल्या बांधाकडचा एक पट्टा तेवढा राहिला होता, कारण तिथे ऊन उशिरा जातं आणि त्या सावली बघून काम करत होत्या.

"मावशी, थांबा," मी म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं असावं, कारण तिघीही उभ्या राहिल्या.

मी आधी मोजून बघावं आणि मग सांगावं, असं एसटीत ठरवलं होतं. पण तिच्यासमोर गेल्यावर आधीच सांगून टाकलं. "वेल आजारी नव्हते. माझी चूक झाली. माझी चकती मळली होती आणि मी बघितलं नाही."

मावशी बांधावर आली. तिने पदराने तोंड पुसलं आणि मान यंत्राकडे केली. मी बसले. चकती, बटण, पान. बेचाळीस. पुढचं त्रेचाळीस. मी उरलेल्या पट्ट्यातले सगळे वेल मोजले. तोडलेल्या भागातले, शेंगा गेलेले पण पानं असलेले, तेही मोजले. सगळे जित्याच्या बरोबरीचे. काही वरचढ.

"मंग खालची पिवळी पानं?" तिने विचारलं.

"ती म्हातारी झालेली. शेंगा भरल्या की वेल खालच्या पानांतलं काढून वर देतो."

"ते मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "औंदा इसरले."

तिने ते माझ्या बाजूने म्हटलं की माझ्याविरुद्ध, हे मला अजून कळलेलं नाही.

चार वाजून गेल्यावर नितेश मोटारसायकलवरून आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "रिचेक नाय केलंस? कंपनीत येक रीडिंग कोन धरीत नाय. वांदा वाटला की पहिल्यांदा इन्स्ट्रुमेंट बघतात."

"काल तूच बोललास ना, मशीन बोलतंय तर मंग काय," मावशी म्हणाली.

"मी झोपेत हुतो आये."

त्या दोन बाया हसल्या. मला हसता आलं नाही, पण बरं वाटलं.

मावशी पट्ट्यात शिरली आणि शेंगा हाताने चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. ओठ हलत होते. परत येऊन तिने सांगितलं की एवढ्यात तिचं आणि तीन घरांचं भागेल. दोन घरांना यंदा बेणं नाही. एक बेबी, एक जनाबाई. बेबीकडे तिचं मागचं थोडं उरलेलं असतं. जनाबाई वाडीतली सगळ्यात म्हातारी. तिचा एकच खाचराचा तुकडा आहे, आणि दरवर्षी सगळ्यांत आधी पायली घेऊन तीच येते.

बेबीकाकूला नितेशच्या फोनवरून मावशीने तिथेच सांगितलं. फोन मोठ्या आवाजावर होता.

"मंग मी काय पेरू, तिचं यंत्र?" काकूचा आवाज आला. मग ती हसली. "जेवली का गो ती पोरगी? सकाळपासून उपाशी हाय."

"जनाबाईला मी सांगू का?" नितेशने विचारलं.

"तू नको," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "बेणं नाय म्हनून सांगाया कोनाच्या दारात मी कधी गेल्ये नाय. माझी सासूबी नाय. तू जा आन सांग."

जाण्याआधी तिने कमरेची लाल चिंधी काढून माझ्या हातात दिली. काठी उचलून वरल्या बांधावर रोवायला आणि चिंधी बांधायला तिने मलाच लावलं. माझी गाठ सैल बसली. तिने ती सोडून पुन्हा बांधायला सांगितली.

जनाबाईचं घर वाडीच्या शेवटाला आहे. ती अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. मग सांगितलं की यंदा मावशीकडे तिच्या वाटचं बेणं नाही, आणि त्याला कारण मी आहे. ती पाखडत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं. "रोग पडला का?"

"नाही. रोग नव्हता. मला रोग वाटला."

मी तिला भांबुर्ड्याचं, कापडाचं, चकतीचं सगळं सांगितलं. ते सांगायला मला जितका वेळ लागला, तितका माझ्या तोंडी परीक्षेलाही नंतर लागला नाही. तिने मध्ये काही विचारलं नाही. संपल्यावर हात पुढे केला.

"बघू ती."

मी डबी उघडून चकती तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, सुलटी केली.

"यवढ्याशानं?"

"हो आजी."

"माझं खाचर यवढ्याशानं रिकामं?"

मी मान हलवली. ती बराच वेळ चकतीकडे बघत राहिली. मग तिने ती दिवसभर अंगावर असलेल्या पदराच्या टोकात धरली, दोन्ही बाजूंनी जोर लावून चांगली पुसली, आणि माझ्या हातात दिली.

"आता नीट ठेव," ती म्हणाली.

मी ती तशीच डबीत ठेवली.

पुण्याला आल्यावर ती पुन्हा नळाखाली घासली. प्रबंधाच्या तक्त्यात शनिवारचे आकडे मी काढून टाकले नाहीत. ते एका रेघेने खोडले आहेत आणि शेजारी कारण लिहिलं आहे. मॅडम म्हणाल्या होत्या की वगळले तरी चाललं असतं. पण वगळले असते तर त्या खाचरातून चार गोणी हिरव्या शेंगा का गेल्या, ते कुठेच लिहिलेलं राहिलं नसतं.